दिल्लीच्या संमेलनाला जाताना

साहित्य संमेलन म्हटले की आम्हां ग्वाल्हेरकरांना बहुधा वृत्तपत्रांतील वर्णनावरच समाधान मानावे लागते. गाव महाराष्ट्रातले, प्रवास रात्रभराचा. घरातील वृद्ध मंडळी आपसूकच मागे राहतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीस भरले. तेथील यापूर्वीचे संमेलन १९५४ चे, लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचे. या खेपेस अध्यक्षा होत्या डॉ. तारा भवाळकर. आमच्यापासून अंतर अवघे तीनशे किलोमीटर!

बस की रेल्वे, यावर आमच्या मंडळींत बराच खल झाला. बस थेट मंडपाच्या दारी उतरवते, हे खरे. परंतु सत्तरी ओलांडलेल्यांना घडोघडी पाय मोकळे करावे लागतात, आणि बसमधील गप्पा शेजारच्या आसनापलीकडे जात नाहीत. रेल्वेच ठरली व ते योग्यच झाले.

मुरैना सुटल्यावर चंबळेच्या घळी सुरू होतात. नातवंडे त्यांस ‘बीहड’ म्हणतात. एका आजीबाईंनी ‘दरी’ हा शब्द सांगताच नातू चकित झाला. त्याच्या हिंदीत दरी म्हणजे सतरंजी! धौलपूर येईपर्यंत त्या डब्यात अशा दहा-बारा शब्दांची उकल झाली. शाळेत आम्ही मुख्याध्यापक असलो तरी तेथे हिंदी माध्यम. हे काम तिथे होत नाही.

संमेलनस्थळ तालकटोरा. १७३७ साली बाजीरावांच्या फौजेचा तळ याच परिसरात पडला होता. आमचा तळ मागच्या रांगांत पडला, तरी आजीबाई शेवटपर्यंत बसून होत्या.

पुढे कोणास असा योग आला, तर परतीचे आरक्षण आधी करावे. समारोपाच्या रात्री सारे संमेलन स्थानकावर लोटते.