थांबण्याची ऐपत

मजुरी मागणी-पुरवठ्यावर ठरते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खरे असले तरी अपुरे आहे. काम शोधायला दिवस जातात, भाड्याला पैसे लागतात आणि तोवर घरची चूलही पेटती ठेवावी लागते. हा खर्च ज्याला झेपतो तो कमी पगाराला नकार देऊ शकतो. बाकीचे मिळेल ते काम, मिळेल त्या दराने पत्करतात. रोजगाराच्या बाजारातील या शोधाचा सिद्धांत घडवणारे पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडिस यांना २०१० चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. रिकाम्या जागा आणि रिकामे हात एकाच वेळी का आढळतात, हे त्यांच्या मांडणीतून उलगडते. मजुरीच्या घासाघिशीत ज्याच्यापाशी दुसरा पर्याय असतो त्याचे पारडे जड राहते, हेही त्यातून कळते.

या नजरेने पाहिले की बेकारीचे आकडे वेगळे बोलू लागतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेकारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती अवघी ३.४ टक्के. पदव्यांचा दर्जा आणि नोकऱ्यांचा तुटवडा ही कारणे खरीच. पण अशिक्षितांचा आकडा इतका खाली का, याचे उत्तर त्यांत नाही. हातावर पोट असलेल्याला बेकार राहणेच परवडत नाही. म्हणून कमी बेकारी म्हणजे सुबत्ता, असे समजणे चुकीचे आहे.

मग थांबण्याची ऐपत वाढवली तर काय होते? महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना उभी केली, १९७७ साली तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशानेही तसाच कायदा केला. आंध्र प्रदेशात या हमीच्या कामाची मजुरी स्मार्टकार्डाद्वारे देण्याची सुधारणा काही मंडलांत (जिल्ह्याच्या उपविभागांत) आधी, काहींत नंतर झाली. कोणत्या मंडलांत आधी, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते, त्यामुळे तुलना विश्वासार्ह ठरली. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थतज्ज्ञांना आढळले, की लाभार्थी कुटुंबांची कमाई १४ टक्क्यांनी वाढली आणि त्या वाढीतला ८६ टक्के वाटा योजनेबाहेरच्या कमाईचा होता. हमीचे काम नीट मिळू लागताच मजुरांची किमान अपेक्षा वाढली आणि खाजगी मजुरीही चढली.

मजुरी वाढली की मालक माणसे कमी करतात, हा आक्षेप इथे टिकला नाही. खाजगी कामही वाढले. जमीन मोजक्या हातांत असलेल्या गावांत तर ते जास्त वाढले. जिथे काम देणारे थोडेच असतात तिथे ते दर दाबून ठेवतात, त्या दराला कमी लोक येतात, आणि दर सुधारला की जास्त हात कामाला लागतात. फुकटच्या आधाराने माणूस आळशी होतो, ही शंका हमीला लागू पडत नाही, कारण तिथे पैसा घाम गाळूनच मिळतो. शेतकऱ्याचा खर्च वाढतो, ही तक्रार मात्र खरी आहे. जमिनीवरील परतावा घटल्याचे याच अभ्यासात दिसले. पण त्यावर उपाय शेतमालाच्या भावात आणि सिंचनात शोधायला हवा. भूमिहीनाच्या नाइलाजावर शेती तोलून धरणे न्याय्य नाही. म्हणून रोजगार धोरणाची परीक्षा घेताना किती जण कामाला लागले एवढेच विचारणे पुरेसे नाही. न परवडणारे काम नाकारून चार दिवस थांबणे किती जणांना शक्य झाले, हेही मोजले पाहिजे.