आरोग्यसेवक-प्रशिक्षणाचे मूल्यमापन

दुर्गम, आदिवासी व आर्थिक दृष्ट्या दुर्बल समाजात काम करण्यासाठी डॉक्टर, परिचारिका व ग्राम-आरोग्यसेवक तयार करणाऱ्या प्रशिक्षणाचा उद्देश कितपत साध्य झाला, हे पद्धतशीरपणे तपासण्याची प्रक्रिया. परीक्षेतील गुणांवरून प्रशिक्षणार्थीचे ज्ञान कळते. परंतु तो पुढे गरजू लोकांमध्ये राहिला का आणि त्याच्या कामामुळे त्यांचे आरोग्य सुधारले का, हे त्यावरून कळत नाही. म्हणून हे मूल्यमापन प्रशिक्षण संपल्यानंतरही दीर्घकाळ चालू ठेवावे लागते.

पातळ्या : डॉनल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाची चार अंगे मांडली : प्रशिक्षणार्थीची प्रतिक्रिया, अध्ययन, प्रत्यक्ष कामातील वर्तन व अंतिम फलित. पहिली दोन वर्गातच मोजता येत असल्याने बहुतेक अहवाल तेथेच थांबतात. वंचित समाजाच्या दृष्टीने मात्र शेवटची दोनच निर्णायक होत.

निवड व सेवाबंध : फिलाडेल्फिया येथील जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयाने १९७४ मध्ये ग्रामीण भागात वाढलेल्या व तेथेच कुटुंबवैद्य होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी खास प्रवेशयोजना सुरू केली. तिचे पदवीधर ग्रामीण भागात इतरांपेक्षा अधिक प्रमाणात स्थिरावले. तथापि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या यशात अभ्यासक्रमापेक्षा प्रवेशाच्या वेळच्या निवडीचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी आरंभीच नोंदविली नाही, तर निवडीचे श्रेय शिक्षणाला दिले जाण्याचा धोका असतो. जपानमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात शुल्कमाफीच्या मोबदल्यात पदवीधराला साधारणतः नऊ वर्षे आपल्या प्रांतात सेवा करावी लागते. अशा ठिकाणी बंधकाळातील उपस्थितीवरून केवळ बंधाचा परिणाम कळतो. सेवावृत्तीची कसोटी बंध संपल्यावरच लागते.

समाजातील फलित : गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे व जंतुसंसर्गावर उपचार करण्याचे शिक्षण दिले. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी घेण्यात आली. १९९३–९५ मध्ये सेवेच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७–९८ मध्ये २५·५ पर्यंत उतरला. तुलनेच्या गावांत अशी घट आढळली नाही. दोन्ही गटांतील जन्ममृत्यूंची नोंद आधीपासून असल्यानेच हा निष्कर्ष काढता आला. अन्यथा रस्ते, उत्पन्न वा शिक्षण यांत झालेल्या सुधारणेचा परिणामही प्रशिक्षणाच्या नावे जमा झाला असता. मात्र गावांची वाटणी यदृच्छ नव्हती. शिवाय औषधपुरवठा व नियमित देखरेख या सेवेचे अविभाज्य भाग होते. त्यामुळे हे यश एकट्या प्रशिक्षणाचे नसून संपूर्ण व्यवस्थेचे मानावे लागते. भारत सरकारने २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत गृहभेटींची योजना राबविली. एका ठिकाणी सिद्ध झालेली पद्धत अशी देशभर नेताना देखरेख विरळ झाली, तर फळही बदलू शकते; म्हणून विस्तारानंतर पुन्हा मूल्यमापन आवश्यक ठरते.

मर्यादा : गावाच्या सरासरीत सुधारणा दिसली, तरी वाडी-पाड्यांवरील वा भूमिहीन कुटुंबे सेवेबाहेर राहिलेली असू शकतात. त्यामुळे आकडे गटवार मांडणे व ज्यांच्यासाठी सेवक घडविला त्या लोकांचे मत घेणे, हे मूल्यमापनाचे अनिवार्य अंग समजले पाहिजे.