फ्लॉवरचा युरिया पाण्याला विचारून

मागच्या भागात रोपवाटिका पाहिली. आता रोपं शेतात गेली आहेत आणि सगळ्यात सढळ हाताने दिल्या जाणाऱ्या दोन गोष्टींकडे वळायचं आहे: पाणी आणि नत्र. हेक्टरी १५० किलो नत्र, निम्मं लागवडीला, निम्मं महिन्याभराने, ही महाराष्ट्रातली शिफारस अनेकांना पाठ असते. एकरी हिशेबात ते ६० किलो नत्र होतं, म्हणजे ४५ किलोच्या तीन गोण्यांना जरासा कमी युरिया. पाण्याची शिफारस वेगळ्या ओळीत असते: जमिनीचा मगदूर पाहून अमुक दिवसांनी. या दोन ओळी सुट्या वाचल्या की दोन्ही चुकतात, असं माझं मत आहे. युरियाचा हप्ता लागवडीपासूनचे दिवस मोजून न ठरवता पाण्याच्या पाळीवर ठरवायला हवा.

कारण मातीत आहे. युरिया पडला की काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्यातल्या बऱ्याचशाचं नायट्रेट. अमोनियमवर धन भार असल्यामुळे चिकणमाती त्याला धरून ठेवते. नायट्रेटवर ऋण भार असतो; त्याला माती धरत नाही, पाणी नेईल तिकडे ते जातं. मुळांपर्यंत ते पाण्याबरोबरच पोचतं, म्हणून कोरड्या रानात नत्र असूनही पीक उपाशी राहतं. पाणी जास्त झालं की तेच नत्र खाली निघून जातं, आणि फ्लॉवरची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. हिशेब मांडून पाहू. भारी काळ्या जमिनीचा वरचा फूटभर थर पिकाच्या उपयोगी पडेल असं साधारण ५० मिलिमीटर पाणी धरतो. हिवाळ्यात रोज ४ मिलिमीटर खर्च धरला तर सहा दिवसांत त्यातलं निम्मं संपतं. म्हणजे भरून काढायचे असतात २५. पाटाने सऱ्या तुडुंब भरल्या की ६० सहज जातात. उरलेले ३५ मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाणी खाली उतरतं. त्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम नत्र विरघळलेलं धरलं, तर एका पाळीत ७ किलो नत्र, म्हणजेच १५ किलो युरिया गेला. गोणीचा तिसरा हिस्सा! आकडे अर्थात धरलेले आहेत, जमिनीगणिक ते बदलतील. मुरमाड रानात बहुधा वाईटाकडेच. गेलेलं नत्र कधीतरी विहिरीत उतरतं हे वेगळंच.

यावर शेतकऱ्याचं उत्तर तयार असतं: युरिया स्वस्त आहे, गेला तर मूठभर आणखी टाकू. पैशाच्या हिशेबात ते खोटं नाही. फ्लॉवरच्या बाबतीत मात्र वेळ परत मिळत नाही. गड्डा म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याचे जाड, दाटून आलेले देठ. तो किती भरेल हे बऱ्याच अंशी तो धरतेवेळी झाडावर किती पानं होती त्यावर ठरतं. त्याआधीच्या आठवड्यांत नत्र तुटलं किंवा पाण्याचा ताण बसला, तर चार पानांच्या मधोमध लिंबाएवढा गड्डा धरतो आणि तिथेच थांबतो. यालाच बटनिंग म्हणतात. (वयस्क रोपं आणि हंगाम चुकलेलं वाण ही त्याची दुसरी कारणं, प्रत्येक बटनाचा दोष खताच्या माथी मारू नये.) त्यानंतर कितीही युरिया ओतला तरी पानं हिरवीगार होतील, गड्डा मोठा होणार नाही. चांगल्या वाढलेल्या झाडालाही गड्डा धरल्यावर भरमसाट नत्र दिलं तर तो सैल पडतो आणि दांडा पोकळ निघतो. उशिराची मूठ नुकसान भरून काढत नाही, नवं नुकसान करते.

आता युरिया कडुनिंबाचा लेप दिलेलाच येतो, मग नत्र वाहून जाईलच कसं, असाही प्रश्न येतो. लेपामुळे अमोनियमचं नायट्रेट होणं लांबतं, थांबत नाही. तुडुंब पाण्यापुढे ती सवलत फार टिकत नाही. यापेक्षा वजनदार हरकत वेगळी आहे. पाणी शेतकऱ्याच्या हातात कुठे आहे? लाइट रात्री येते, कालव्याचं आवर्तन पाटबंधारे खात्याच्या तारखेला सुटतं, आणि आलेलं पाणी कोणी अर्ध्यावर सोडत नाही. हे मान्य करूनच मी म्हणतो की पाणी हलवता येत नसेल तर खत हलवा. भरपूर पाण्याच्या आदल्या दिवशी युरिया फेकला तर तो अमोनियम होण्याआधीच पाण्यात विरघळून वाहतो, कारण युरियावर कुठलाच भार नसतो. तोच पाण्यानंतर वाफसा आल्यावर झाडापासून चार बोटं लांब देऊन, खुरपणीबरोबर मातीची भर घालून झाकला, तर पुढच्या पाळीपर्यंत त्याचं अमोनियम होऊन ते मातीला धरतं. झाकणं महत्त्वाचं, चुनखडीच्या काळ्या रानात उघड्यावर पडलेल्या युरियातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. महिन्याभराने एकदम द्यायचा निम्मा हप्ताही दोन पाळ्यांमागे विभागून देता येतो. एक मजुरी वाढते, पण एकाच पाळीत सगळं जाण्याचा धोका निम्मा होतो.

ठिबक असेल तर हे सोपं होतं, पण आपोआप होत नाही. सुरुवातीलाच खत सोडून पुढे तासन्‌तास पाणी चालू ठेवलं तर ठिबकही तेच नत्र खाली ढकलतं. आधी नुसतं पाणी, मग खत, आणि शेवटी नळ्या धुऊन निघतील एवढंच पाणी, हा क्रम ठेवावा. पोकळ दांड्याचा दोष मात्र एकट्या नत्राचा नसतो, त्यात बोरॉनचाही हात असतो. तो पुढच्या भागात.