पडद्यावरची पांढरी रेघ कागदावर उमटते का?

दिवाळी अंकांची धांदल सुरू झाली की मुखपृष्ठाची पीडीएफ मंजुरीसाठी संपादकाकडे येते. आकाशकंदिलामागे मऊ सावली, तिच्यावर अंकाचे नाव. फाइल उघडताच सावलीभोवती केसाएवढी पांढरी चौकट दिसते. डीटीपी करणाऱ्याच्या मूळ फाइलमध्ये ती नसते. मग फोनाफोनी होते, फाइल परत जाते, प्रेसचे काम अडून राहते. अशी रेघ बहुतेक वेळा चित्रात नसतेच. ती पडद्यावर तयार झालेली असते.

पीडीएफमधले आकार आणि अक्षरे गणिती रेषांनी बांधलेली असतात. त्यांच्या कडा कुठेही पडू शकतात. पडदा मात्र चौकोनी पिक्सेलांचा. कड पिक्सेलच्या मधून गेली आणि तो पूर्ण भरला किंवा पूर्ण रिकामा ठेवला, तर ती पायऱ्यापायऱ्यांची दिसते. म्हणून आकाराने पिक्सेलचा जितका भाग व्यापला असेल, तितकाच रंग सॉफ्टवेअर त्यात भरते. याला अँटी-अलायझिंग म्हणतात.

आता पांढऱ्या पानावर दोन निळे चौकोन कडेला कड लावून ठेवा. सामाईक कड एका पिक्सेलच्या बरोबर मध्यावर आहे. पहिला चौकोन रंगवताना त्या पिक्सेलमध्ये ५० टक्के निळा येतो, ५० टक्के पांढरा उरतो. दुसरा चौकोनही निम्माच पिक्सेल व्यापतो, म्हणून उरलेल्या पांढऱ्यापैकी निम्माच झाकला जातो. २५ टक्के पांढरा शिल्लक राहतो आणि तीच आपली रेघ. खरे तर दोन्ही चौकोन मिळून पिक्सेल पूर्ण भरतो. पण कोणता अर्धा भाग कोणी व्यापला, याची नोंदच ठेवली जात नाही. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये चित्रांचे थर एकमेकांवर चढवण्याचे गणित मांडले. ते आजही वापरात आहे आणि ही मर्यादा त्यात अंगभूत आहे.

मग सावलीपाशीच रेघा का दिसतात? २००१ च्या पीडीएफ/एक्स-१ए या छपाईच्या मानकात पारदर्शकता चालत नाही. त्यामुळे फाइल तयार होताना पारदर्शक सावली आणि तिच्याखालचे चित्र एकत्र करून त्यांचे गोधडीसारखे तुकडे जोडले जातात. यालाच फ्लॅटनिंग म्हणतात. जिथे तुकडा तुकड्याला भिडतो, तिथे वरचे गणित लागू होते. २००८ मध्ये आलेल्या पीडीएफ/एक्स-४ मध्ये पारदर्शकता तशीच ठेवता येते, त्यामुळे असे जोड पडण्याचे कारणच उरत नाही.

देवनागरीत याचा आणखी एक पैलू आहे. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा हा वेगळा आकार असतो. दोन शिरोरेषा नुसत्या टोकाला टोक भिडल्या, तर पडद्यावर जोडापाशी फट दिसू शकते. म्हणून फॉन्ट घडवणारे शिरोरेषा किंचित लांबवून शेजारच्या अक्षरावर चढवतात.

छपाईच्या प्लेटवर मात्र अर्धा रंग नसतो; ठिपका पूर्ण असतो किंवा नसतो. आकाराचा स्पर्श झालेला ठिपका भरायचा, असा पीडीएफचा नियम असल्याने शेजारचे तुकडे फट न ठेवता जुळतात. शिवाय ठिपके अतिशय बारीक असतात. इंचाला १०० पिक्सेलच्या पडद्यावरचा एक पिक्सेल जितकी जागा घेतो, तितक्या जागेत २४०० डीपीआयच्या प्लेटवर ५७६ ठिपके बसतात.

रेघ खरी की भासमान, हे ओळखायला पान १०० टक्क्यांवरून ८०० टक्क्यांवर न्या. खरी रेघ आठपट जाड होते. भासमान रेघ तितकीच बारीक राहते, जागा बदलते किंवा नाहीशी होते. अॅक्रोबॅटच्या सेटिंगमधील ‘स्मूथ लाइन आर्ट’ बंद केल्यावर रेघ गेली, तरीही उत्तर मिळाले. मात्र अशा पीडीएफची जेपीजी करून ती छापायला देऊ नका. जेपीजी करताना रेघ चित्रातच मुरते आणि मग खरोखर छापली जाते.

पडदा उलट बाजूनेही फसवतो. चुकून ओव्हरप्रिंट (खालचा रंग न काढता त्यावरच छापण्याची सूचना) लागलेली पांढरी अक्षरे साध्या पडद्यावर स्वच्छ दिसतात आणि छपाईत गायब होतात, कारण पांढऱ्यासाठी शाईच नसते आणि खालचा रंग तसाच राहतो. शून्य जाडीची चौकट पडद्यावर एक पिक्सेल दिसते, प्लेटवर जेमतेम एका ठिपक्याएवढी उरते.

म्हणून संपादकांनी आणि जाहिरातदारांनी पीडीएफ फोनवर पाहून मंजूर करू नये. संगणकावर ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू सुरू करावा, पान मोठे करून तपासावे आणि प्रेसला पीडीएफ/एक्स-४ चालते का, हे काम सुरू होण्याआधीच विचारावे. शंका उरलीच, तर कागदावरचे प्रूफ मागवावे; छपाईचा अंतिम निवाडा कागदावरच होतो.