टॉर्क वाढला, गिअरबॉक्स पेलेल का?

भिवंडीच्या गोदामांतून माल भरून कसारा घाट चढणाऱ्या ट्रकमध्ये अधिक टॉर्कचे, म्हणजे अधिक पिळाच्या ताकदीचे, डिझेल इंजिन बसवताना चर्चा अश्वशक्तीचीच होते. वास्तविक गिअरबॉक्सचा निकाल टॉर्कवर लागतो, कारण 700 न्यूटन-मीटर टॉर्क 7:1 गुणोत्तराच्या पहिल्या गिअरमधून जाताना, घर्षणातील घट सोडल्यास, 4,900 होतो आणि तो दात, शाफ्ट व बेअरिंगांना पेलावा लागतो. बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारे कवच, अडॅप्टरने जुळवता येते. क्षमता मात्र जुळवता येत नाही. नवे इंजिन कमी फेऱ्यांवर चालणारे असल्यास क्राऊन-पिनियनचे, म्हणजे मागील धुरीतील गिअरजोडीचे, गुणोत्तरही बदलावे लागते, अन्यथा महामार्गावरील वेग घटतो. अशा फेरफारांना मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 लागू असल्याने परिवहन कार्यालयाची परवानगी आधीच घ्यावी.