झाडीपट्टीच्या नाटकाचे गिऱ्हाईक

दिवाळीत वहीपूजन होते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, आणि त्याच सुमारास साकोली परिसरातील खेड्यांत आणखी एका व्यवसायाचे वर्ष सुरू होते. भाऊबीजेपासून गावोगावी मंडया भरू लागतात आणि मंडईच्या रात्री नाटक उभे राहते. रात्री नऊ-दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. साकोली त्यातलेच एक तालुक्याचे गाव. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या कार्यामुळे ते मराठी वाचकांस ठाऊक आहे.

कलेवर पोट भरू पाहणाऱ्यांची तक्रार सर्वत्र सारखीच ऐकू येते: वाहवा पुष्कळ मिळते, पैसा मिळत नाही. चित्रकार, गायक, रांगोळीकार, निमंत्रणपत्रिका सजविणारी गृहिणी, सर्वांचा अनुभव हाच. झाडीपट्टीतील नाटक कंपन्यांनी मात्र या प्रश्नाचे एक व्यवहारी उत्तर शोधले आहे आणि व्यापारी घराण्यांनी ते समजून घ्यावे असे आहे.

या कंपन्यांचे केंद्र साकोलीच्या दक्षिणेस, गडचिरोली जिल्ह्यातील वडसा अर्थात देसाईगंज येथे आहे. हंगामाच्या तोंडावर तेथे कंपन्यांची कार्यालये सजतात, नव्या नाटकांची भडक रंगांची जाहिरातपत्रे झळकतात. गावातील नाट्यमंडळाची माणसे येतात, नाटकाचे कथानक विचारतात, नायिका कोण, विनोदी नट कोण याची चौकशी करतात, घासाघीस करतात आणि बयाणा देऊन तारीख पक्की करतात. एका अर्थाने ही नाटकांची मंडीच आहे. रंगमंच, पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा, वादक व नट यांसह कंपनी ठरल्या दिवशी गावात पोहोचते. तिकिटे विकणे, मंडप घालणे, जागा तयार करणे हे काम मंडळाचे.

म्हणजे कंपनीचे गिऱ्हाईक प्रेक्षक नव्हे, मंडळ आहे. हजार प्रेक्षकांच्या मागे एकेका तिकिटासाठी धावण्याऐवजी कंपनी एकाच खरेदीदाराशी सौदा करते, आणि तो खरेदीदार आपल्याच गावातील माणसांना ओळखतो. कोणाच्या घरी किती पाहुणे येणार, कोणते कुटुंब पुढच्या रांगेची तिकिटे घेईल, हे वडशात बसलेल्या मालकास कसे कळावे? मंडळास ते ठाऊक असते. घाऊक आणि किरकोळ विक्रीतील हा भेद आपल्या पेढ्यांवर नवा नाही. कलेच्या क्षेत्रात तो क्वचितच इतक्या स्वच्छपणे पाळलेला दिसतो.

ही व्यवस्था एका दिवसात घडलेली नाही. दंडार, खडी गंमत हे लोकप्रकार येथे पूर्वीपासून रुजलेले. पुढे गावातील हौशी मंडळी स्वतःच नाटक बसवीत. स्त्रीभूमिकेसाठी नटी बाहेरून बोलावीत, पडदे व सामान भाड्याने आणीत. गाव पैसे मोजत होतेच; फक्त ते नटी, पडदे, वाद्ये अशा तुकड्यांत मोजत होते. संपूर्ण कंपनीने ते सारे तुकडे एकत्र करून एका किमतीत दिले. गिऱ्हाईक नव्याने निर्माण करावे लागले नाही. आधीच पैसे देणारा हात ओळखावा लागला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची. धान कापून खळ्यावर येते, विकले जाते, हातात पैसा खेळतो तो हाच काळ. सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या असतात, जावई व सोयरे मुक्कामी असतात. निरनिराळ्या गावांच्या मंडया निरनिराळ्या दिवशी भरतात; म्हणून पाहुण्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी जाता येते आणि कंपनीलाही रोज नवे गाव मिळते. याच भेटीगाठींत लग्नाच्या गोष्टीही निघतात. घरी आलेल्या पाहुण्यास नाटक दाखविणे हा आतिथ्याचा भाग झाला आहे, त्यामुळे तिकिटाची रक्कम खर्च वाटत नाही, मान वाटतो. साकोलीसारख्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांचाही येथे संबंध येतो. उद्घाटक वा प्रमुख पाहुणे म्हणून त्यांना बोलावले जाते आणि त्यांची देणगी मंडळाच्या जमेत धरली जाते. (उद्घाटनाची भाषणे लांबली की प्रेक्षक कुरकुरतात, ही त्या देणगीची न सांगितलेली किंमत!)

बैलांच्या शर्यतीचा शंकरपट हे नाटकाचे दुसरे मोठे निमित्त. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली आणि डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रास सशर्त परवानगी मिळाली. मधल्या वर्षांतही नाटके होत राहिली. बैलांस पळविल्याशिवायही गाव गोळा होते, हे त्यातून दिसले. जीवदया मानणाऱ्यांस ही नोंद विशेष वाटावी. कोरोनाने मात्र निमित्तच नव्हे, गर्दीच हिरावली. नट, वादक, पडदे ओढणारे, सामान वाहणारे अशा कितीतरी घरांची चूल या हंगामावर अवलंबून असते, आणि ज्यांच्याकडे शेती नव्हती त्यांचे हाल अधिक झाले.

या व्यापारात जोखीम कमी नाही, ती मंडळाकडे सरकलेली आहे इतकेच. एकाच रात्री एकाच गावात दोन मंडळांनी दोन नाटके लावली की तिकिटे वाटली जातात. अवकाळी पाऊस आला तर उघड्यावरचा प्रेक्षक घरी जातो. कंपनीची रक्कम तर द्यावीच लागते. मग गावातील तरुण पदरमोड करतात. एकदा तोंड पोळलेले मंडळ पुढील वर्षी नाटकच घेत नाही. म्हणून जाणता मालक पूर्ण वसुलीचा हट्ट धरीत नाही, थोडी सूट देतो, उरलेली रक्कम पुढच्या हंगामावर ढकलतो. दुसरीकडे, तारीख मिळविण्यासाठी भाव पाडणाऱ्या कंपन्याही आहेत. पाडलेल्या भावाची भरपाई नटाच्या मानधनातून किंवा तालमीच्या दिवसांतून होते आणि ती प्रेक्षकाच्या लगेच ध्यानात येते.

गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या रंगभूमीकडे शहरांचे लक्ष गेले. झाडीपट्टीतील प्रेक्षकाने मात्र ही दाद कितीतरी हंगाम आधीच, तिकीट काढून दिली होती. आताही प्रयोग आटोपला की पहाटे कंपनीचा माणूस मंडळाच्या अध्यक्षाजवळ हिशेबाला बसतो. उरलेली रक्कम मोजून झाली की तो विचारतो, पुढल्या साली मंडई कोणत्या वारी?