घरचा राऊटर निवडताना

घरात एखादी वस्तू आणावयाची तर आपली मराठी कुटुंबे किती चोखंदळ असतात, हे निराळे सांगावयास नको. प्रेशर कुकर घ्यावयाचा झाला तरी त्याची शिट्टी, त्याचे रबर, सुटे भाग मिळण्याची सोय, हे सारे पाहिल्याविना पैसे पुढे होत नाहीत. मात्र इंटरनेट घरात आणणारा राऊटर जोडणी देणारा माणूस भिंतीला लावून जातो आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. वस्तुतः बँकेचे व्यवहार, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, मुलांचा अभ्यास आणि परदेशी राहणाऱ्या नातवंडांशी होणारे बोलणे, हे सारे याच लहानशा पेटीतून ये-जा करीत असते. तिला घराच्या उंबरठ्यावरील द्वारपाल म्हटले तर वावगे होणार नाही.

हा द्वारपाल गाफील राहिला तर काय होते, याची उदाहरणे ताजी आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रामच्या एका नव्या अवताराने जर्मनीतील सुमारे नऊ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत केली. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ या दुसऱ्या प्रोग्रामने किमान ५४ देशांतील पाच लाखांच्या आसपास उपकरणे ताब्यात घेतल्याचे उघडकीस आले. यांतील बहुतेक मालकांना आपल्या घरात परक्याने ठाण मांडल्याचा पत्ताही नव्हता.

अशा घटनांनंतर युरोपात बनलेला राऊटर घ्यावा, असा विचार पुष्कळांच्या मनात येऊ लागला आहे. तेथील तीन नावे विशेष परिचित आहेत. बर्लिन येथील एव्हीएम ही कंपनी १९८६ साली निघाली आणि तिचा ‘फ्रिट्झबॉक्स’ २००४ पासून जर्मन घराघरांत पोहोचला. लाटव्हियातील रिगा शहरी १९९६ साली स्थापन झालेली मिक्रोटिक कंपनी स्वतःच्या ‘राऊटरओएस’ या प्रणालीसाठी ओळखली जाते. तिची उपकरणे सामर्थ्यवान असतात, पण नवशिक्याला ती अवघड वाटतात. तिसरे नाव ‘टुरिस’. झेक देशाच्या इंटरनेट नावांची नोंदणी सांभाळणाऱ्या ‘सीझेड-निक’ या संस्थेने तो घडविला. त्यातील प्रणाली खुली असून सुरक्षेच्या दुरुस्त्या तो आपणहून उतरवून घेतो.

आता प्रश्न असा की ‘युरोपीय’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? या पेट्यांच्या आतील चिप्स बहुधा अमेरिकी वा आशियाई कंपन्यांच्या असतात. युरोपीय असते ती मुख्यतः रचना, आतील प्रणाली आणि तिची जबाबदारी घेणारी संस्था. तेव्हा केवळ खोक्यावरील देशाचे नाव पाहून भुलणे म्हणजे नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, असे होण्याचा संभव आहे.

मिक्रोटिकचेच उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१८ साली तिच्या प्रणालीत एक गंभीर दोष आढळला. कंपनीने एप्रिल महिन्यातच दुरुस्ती दिली. तरीही पुढील महिन्यांत जगभरातील लाखो राऊटर परक्यांच्या हाती गेले आणि मालकांच्या नकळत आभासी चलन कमावण्यास जुंपले गेले. कारण एवढेच की दुरुस्ती उपलब्ध असूनही मालकांनी ती बसविली नव्हती. औषध आणून कपाटात ठेवल्याने ताप उतरत नाही!

म्हणून निवड करताना पहिला प्रश्न विचारावा तो असा : सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, आणि त्या आपोआप बसतील काय? जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने २०२० मध्ये सात उत्पादकांचे १२७ घरगुती राऊटर तपासले, तेव्हा त्यांपैकी ४६ राऊटरांना वर्षभरात एकही सुरक्षा-दुरुस्ती मिळालेली नव्हती. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सायबर सुरक्षा कायद्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत. त्यानुसार उत्पादकाला सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे अशा दुरुस्त्या पुरवाव्या लागतील आणि त्यांची अंतिम मुदत खरेदीच्या वेळीच सांगावी लागेल.

दुसरा प्रश्न जोडणीचा. ज्यांची मुले जर्मनीत स्थायिक आहेत, त्यांना १ ऑगस्ट २०१६ पासून तेथे स्वतःच्या पसंतीचा राऊटर लावण्याचा कायदेशीर हक्क आहे. पण तेथील पेटी कोणी कौतुकाने इंदूरला वा बडोद्याला आणील, तर थोडे थांबून विचार करावा. विजेचा दाब दोन्हीकडे २३० व्होल्टच आहे, ती अडचण नाही. मात्र फ्रिट्झबॉक्सची कित्येक मॉडेल्स टेलिफोनच्या वा केबल टीव्हीच्या तारेसाठी बनविलेली असतात, आणि आपल्याकडे आता बहुधा काचतंतूची जोडणी असते. म्हणून कंपनीने बसविलेल्या पेटीतून निघणारी इथरनेटची तार ज्याला जोडता येईल, असेच मॉडेल पाहावे. शिवाय बिनतारी उपकरणास भारत सरकारची मान्यता लागते आणि परदेशी खरेदीची हमी येथे चालेलच असे नाही, हेही ध्यानी घ्यावे.

तात्पर्य, देशाचे नाव हा निवडीचा आरंभ आहे, शेवट नव्हे. नवा राऊटर घेणे तूर्त शक्य नसले, तरी आहे त्याचा मूळचा पासवर्ड बदलणे, त्याची प्रणाली अद्ययावत करणे, आणि ज्याला दुरुस्त्या मिळणे थांबले आहे त्याला निरोप देण्याची तयारी ठेवणे, एवढे तर कोणत्याही घरास करता येईल. घरातील एखाद्या शाळकरी मुलाकडे महिन्यातून एकदा ही तपासणी सोपवावी, असे आम्ही सुचवितो. वीज आणि पाण्याची काटकसर मुले घरातच शिकतात. उंबरठा राखण्याची सवयही त्यांना तेथेच लागावी.